गाण्यांपलीकडचे वनराज भाटिया

हिंदी चित्रपटाचा संगीतकार म्हटला की आपल्याकडे गाण्यांचा हिशोब सुरू होतो. कोणती गाजली, कुणी गायली, कुठल्या रागातली होती. वनराज भाटियांना या मापाने मोजू गेलं तर हाती थोडंच लागतं : ‘मंथन’मधलं प्रीती सागर यांचं गाणं, ‘भूमिका’तली काही, ‘मंडी’तल्या गझला. पण ‘अंकुर’पासूनच्या दीड दशकात समांतर सिनेमाला स्वतःचा नाद मिळाला, तो मुख्यतः याच माणसामुळे. त्यांची खरी कमाई पार्श्वसंगीतात आहे आणि तिची दखल आपण फार कमी घेतली.

भाटियांचा जन्म ३१ मे १९२७ रोजी मुंबईत, कच्छी भाटिया कुटुंबात झाला. न्यू इरा शाळेत हिंदुस्थानी संगीताची ओळख झाली. पुढे किशोरवयात चायकोव्स्कीचा पियानो कन्चेर्टो कानावर पडला आणि ओढ दुसरीकडे लागली. डॉ. माणेक भगत यांच्याकडे पियानो, एल्फिन्स्टनमधून १९४९ साली इंग्रजीत एम. ए., मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक. तिथून १९५४ मध्ये सुवर्णपदक घेऊन ते पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकायला गेले. बाईंची शिस्त कडक. सुरावटीतली प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे उभी राहिली पाहिजे आणि दुसरीशी जुळलीही पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास अर्जेंटिनाचा आस्तोर पियात्सोला त्यांच्याकडे शिकत होता. तू तुझा टँगो सोडू नकोस, असं बाईंनी त्याला बजावल्याची गोष्ट संगीतजगात प्रसिद्ध आहे. भाटियांनीही पुढे जे केलं ते याच जातीचं होतं.

१९५९ साली ते परतले, तेव्हा पाश्चात्त्य पद्धतीने रचना करणाऱ्याला भारतात पोटापाण्याचं साधन जवळपास नव्हतं. १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात त्यांनी पाश्चात्त्य संगीत शिकवलं. सोबत जाहिरातींचं काम सुरू झालं. पहिली जिंगल शक्ती सिल्क साड्यांची. पुढे लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स. त्यांच्या जिंगल्सची संख्या सहा-सात हजारांच्या घरात सांगितली जाते. या कामाला तडजोड म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. तीस सेकंदांत सुरुवात, विस्तार आणि शेवट बसवायचा, तोही ऐकणाऱ्याच्या कानात राहील असा, ही रियाझाची जागा आहे. सतार, गिटार, कोरस, इलेक्ट्रॉनिक आवाज यांची सांगड त्यांनी इथे घालून पाहिली.

मुंबईच्या रेकॉर्डिंगची तेव्हाची रीत इथे सांगायला हवी. संगीतकार पेटीवर चाल बांधी आणि वादकांसाठी ती कागदावर उतरवण्याचं काम अरेंजर करी. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यातली मोठी नावं, सगळी गोव्याची. चर्चला जोडलेल्या गावशाळांतून गोव्यातल्या मुलांना स्टाफ नोटेशन लहानपणीच येई, त्यामुळे मुंबईच्या वाद्यवृंदाचा कणा गोव्याचा होता. पार्श्वसंगीत तर बहुधा शेवटी, घाईत, साहाय्यकांच्या हातून पुरं व्हायचं. भाटिया प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः लिहू शकत. दृश्य किती सेकंदांचं, पात्र दाराशी कधी पोचतं, कोणत्या वाक्यानंतर शांतता हवी, याचा विचार रचनेतच होई.

दिग्दर्शक श्याम बेनेगलही जाहिरातींच्या जगातून आलेले. १९७४ च्या ‘अंकुर’पासून दोघांची सोबत जमली. या चित्रपटांत पैसा कमी, म्हणून वादकही कमी. भाटियांनी त्या कमतरतेचीच शैली केली : एखादं वाद्य, मोजके स्वर आणि बराच काळ काहीच नाही.

‘भूमिका’ (१९७७) मराठी वाचकाने मुद्दाम पुन्हा ऐकावा. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेल्या या चित्रपटात नायिकेच्या कारकिर्दीबरोबर सिनेसंगीताचे बदलते काळ उभे करायचे होते. भाटियांनी कुठलंही जुनं गाणं उचललं नाही. त्या त्या काळात शोभतील अशी नवी गाणी रचली. किराणा घराण्याच्या सरस्वतीबाई राणे यांचा आवाज त्यांनी घेतला. १९४३ च्या ‘रामराज्य’साठी गायलेल्या गायिकेनेच तो काळ पडद्यावर परत आणावा, ही निवड मला फार मोलाची वाटते. पुढे ‘३६ चौरंगी लेन’, ‘जाने भी दो यारो’ आणि लोटलीच्या मारिओ मिरांडांच्या वाड्यात चित्रित झालेला ‘त्रिकाल’. बाज दर वेळी वेगळा.

१९८८ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीचं शिखर. गोविंद निहलानींच्या ‘तमस’ मालिकेने फाळणीची जखम घराघरांत नेली. त्याच्या शीर्षकसंगीतातली ती आर्त हाक ज्यांनी दूरदर्शनवर ऐकली, त्यांच्या ती आजही अंगावर येते. या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका सुरू झाली. तिच्यासाठी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आणि वसंत देव यांचा हिंदी अनुवाद त्यांनी समूहस्वरांत बांधला. वैदिक पठणाची ठाय लय आणि पाश्चात्त्य कोरसची भरीव रचना तिथे एकजीव होतात, कुठे सांधा दिसत नाही. पॅरिसचं शिक्षण फळाला आलं ते इथे, असं माझं मत आहे.

पुढे संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली. पडद्याबाहेरचं लेखन मात्र त्यांनी कधी थांबवलं नाही. पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी रचना झाल्या. गिरीश कार्नाडांच्या नाटकावर ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा लिहिला आणि त्याचा पहिला अंक २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सादर झाला. मुंबईत २०१९ साली यो-यो मा यांनी त्यांची ‘रेव्हरी’ चेलोवर वाजवली. अखेरची वर्षं आजारपणात आणि आर्थिक ओढगस्तीत गेली, ही आपल्या सर्वांनाच खाली मान घालायला लावणारी गोष्ट. ७ मे २०२१ रोजी ते गेले.

मुंबईत वाद्यवृंद आहेत, सभागृहं आहेत, स्टाफ नोटेशन वाचणारी नवी मुलं आहेत. ‘अग्निवर्षा’ याच शहरात संपूर्ण सादर व्हावा आणि भाटियांची स्वरलिपी छापील रूपात संगीतशाळांपर्यंत पोचावी, यासाठी संस्थांनी आता पुढे यायला हवं.