न्हाणीघरांतील सांधा आणि दुबळा हात

पावसाळा सरून पंचगंगेचें पात्र निवळलें, तरी कोल्हापुरांतील कित्येक घरांत न्हाणीघराची भिंत ओलीच राहते. दोष बहुधा फरशी व भिंत यांमधील उघड्या सांध्याचा असतो. तेथें भरलेलें पांढरें सिमेंट पुन्हा तडकतें. सिलिकॉन लवचिक असल्यानें टिकतें. परंतु संधिवातानें ज्याची मूठ मिटत नाहीं, त्यानें तें भरावें कसें?

येथें काम तरफेकडून करून घ्यावयाचें असतें. सिलिकॉनची गन घेतांना तिचें प्रमाण विचारावें. १२:१ पेक्षां १८:१ च्या गनचा खटका हलका चालतो. मात्र तो अधिक वेळां दाबावा लागतो. नळीचें टोक फार बारीक कापूं नये; छिद्र जितकें अरुंद, तितकें बळ अधिक लागतें.

जुन्या सिलिकॉनवर नवें चिकटत नाहीं, म्हणून जुनें आधीं खरवडावें. हें काम मात्र घरांतील तरुणांकडे सोंपवावें. त्यांत कमीपणा नाहीं. सांधा पूर्ण कोरडा हवा. वळवापूर्वींचा चैत्र त्यास उत्तम. वीतभर भरतांच साबणाच्या पाण्यांत बुडविलेलें बोट त्यावरून फिरवावें, कारण थोड्याच मिनिटांत वर साय धरते. मग हातास विसावा देऊन पुढील वीत घ्यावी. नंतर २४ तास तेथें पाणी पडूं देऊं नये.

गवंड्याची वाट न पाहतां आपल्या हातानें बुजविलेला सांधा, हातांतील बळ ओसरल्यावर, मनास मोठें बळ देतो.