बाबूराव आपटे आणि २१ दिवसांचं गणित

मागच्या वेळी शकुनीच्या फाशांवर बोललो. आज वांद्र्याला आलोय, तर बाबूराव गणपतराव आपटे यांच्याकडे वळू. (हशा) हसा, पण ऐकाही.

नीरज व्होरांचा ‘फिर हेरा फेरी’ २००६ सालचा. त्याचा बराचसा सांगाडा १९९८ च्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’वरून घेतलेला. तिथे चार मित्र पैसे गोळा करतात, एक जण पत्ते खेळायला बसतो आणि सगळे बुडतात. खेळ थ्री कार्ड ब्रॅग, म्हणजे आपल्या तीन पत्तीचा नातेवाईकच. हिंदीत येताना बंदुका, उसनवारी, पळापळ हे सगळं राहिलं, पत्त्यांचं टेबल तेवढं गेलं. त्याजागी आलं ऑफिस: २१ दिवसांत पैसा दुप्पट!

आम्हाला हा बदल फार बोलका वाटतो. तीन पत्तीत ट्रेल लागण्याची शक्यता २२,१०० मध्ये ५२. हे मोजता येतं, आणि खेळणाऱ्याला निदान आपण जुगार खेळतोय हे ठाऊक असतं. घरच्यांपासून तो लपवतो, म्हणजे थोडी लाज शिल्लक असते. बाबूराव मात्र ‘गुंतवणूक’ करतो. मग लपवायचं कशाला?

आता गणित करा. ३५७ दिवसांत १७ वेळा दुप्पट. एका कोटीचे होतात १,३१,०७२ कोटी. एवढं पाचवीतला मुलगाही कागदावर मांडेल. अशा साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे, सेबीचं मुख्यालय तर इथेच, बीकेसीत. तरी माणसं रांग लावतात. अडाणी म्हणून का?

मंडळी, आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो आणि ओळखीच्या एका गृहस्थांच्या योजनेत २ लाख घातले. महिन्याला अडीच टक्के. चार महिने ५,००० रुपये अगदी तारखेला आले, म्हणून आणखी एक लाख दिले. पुराव्यावर विश्वास ठेवला, असं आम्ही स्वतःला समजावलं. पुढे गृहस्थांचा फोन लागेना.

बुडाले त्याचं दुःख ओसरलं. पण व्यापार तर कुठलाच नव्हता. मग आमच्या हातात पडलेले ते २०,००० आमच्यामागून आलेल्या कुणाच्या तरी मुद्दलातले असणार. आम्ही ते खर्च केले. त्यातून घरी मिक्सर आला, तो अजून चालतो.

बरं, प्रश्न विचारा आता.