छत्री आणि टॉवेल : वनस्पतींची जेल आणि ऊन

आजचा विषय साधा दिसतो, पण त्यातला एक शब्द आपल्याला चकवतो. तो शब्द म्हणजे 'संरक्षण'. वनस्पतींचे अर्क घातलेल्या जेलवर 'उन्हापासून नैसर्गिक संरक्षण' असं लिहिलेलं आपण वाचतो आणि निर्धास्त होतो. पण संरक्षण म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारायला हवं.

पावसात छत्री आपल्याला भिजू देत नाही. घरी आल्यावर टॉवेल अंग कोरडं करतो. दोन्ही उपयोगाचे, पण टॉवेल डोक्यावर घेऊन कोणी मुसळधार पावसात उभं राहत नाही. उन्हाच्या बाबतीत मात्र आपण हे सर्रास करतो.

आता सूर्याच्या अतिनील किरणांकडे वळू. त्यातले यूव्ही-बी, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण, त्वचा भाजतात आणि पेशींतल्या डीएनएला थेट इजा करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्ही-ए किरण खोल जातात आणि तिथे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींची मोडतोड करणारे रेणू, तयार करतात. किरण वरच्यावर अडवणं हे छत्रीचं काम. आत झालेला उपद्रव आवरणं हे टॉवेलचं, म्हणजे अँटीऑक्सिडंटचं काम.

झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. म्हणून ते पानाच्या वरच्या थरात क्वेर्सेटिन, रुटिन यांसारखे फ्लेव्होनॉइड साठवतं. ते किरण शोषतात आणि उपद्रवही आवरतात. मग तेच जेलमध्ये घातले की झालं, नाही का? इथेच अडचण आहे. पान हे रेणू सतत नव्याने बनवत असतं, डबी बनवत नाही. यातले बरेच रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत, आणि जेल तर मुख्यतः पाण्याचंच असतं. काही हवेने काळपट पडतात. हळदीतलं कर्क्युमिन तर उजेडातच विघटित होतं. शिवाय किरण अडवणाऱ्याने त्वचेच्या वर राहायला हवं आणि अँटीऑक्सिडंटने आत शिरायला हवं. एकाच जेलकडून आपण दोन उलट अपेक्षा करतो.

म्हणून हे सगळं व्यर्थ आहे, असं मात्र नव्हे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी सी आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात फेरुलिक आम्ल मिसळलं. हे आम्ल तांदळाच्या कोंड्यातही असतं. त्यामुळे त्या द्रावणाचं संरक्षण सुमारे चौपटीवरून आठपटीपर्यंत गेलं. टॉवेल चांगला असू शकतो, एवढं यातून नक्की दिसतं.

दुसरा फसवा शब्द 'नैसर्गिक'. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. ते त्वचेला उन्हासाठी अधिक हळवी करतं. याच गुणामुळे कोडावरच्या उपचारात त्याचा उपयोग होतो, आणि याच गुणामुळे आपल्या मनाने लावल्यास फोड येतात. लिंबाचा रस हाताला लागलेला असताना उन्हात गेलं, तरी असे डाग पडू शकतात. कुठून आलं, यावरून काय करतं हे ठरत नाही.

बरं, मग पारखायचं कसं? डबीवर एसपीएफचा आकडा आहे का आणि यूव्ही-एचा उल्लेख आहे का, ते पाहावं. एसपीएफ ३० भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, पण ते मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्माही लावत नाही. कोरफडीचं जेल भाजलेल्या त्वचेला थंडावा देतं, जरूर लावावं, पण छत्री म्हणून नव्हे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. काहीच न लावलेला माणूस ऊन चटकायला लागलं की सावली शोधतो. आपल्याला संरक्षण आहे असं मानणारा तिथेच उभा राहतो. शेतात, रस्त्यावर, दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, पदर, सावली यांना अजून पर्याय नाही. जेल हातात घेताना एवढंच विचारू या : हे ऊन अडवतं, की उन्हानंतर सावरतं?