पंप बिघडला तरी माणूस खाली उतरू नये

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत हाजी अली, इर्ला येथे पावसाळी पाण्याची पंपिंग स्टेशन उभी राहिली. भरतीच्या वेळी ती नाल्याचे पाणी समुद्रात फेकतात. मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनमध्ये मात्र धोका वेगळा असतो.

तिथल्या विहिरीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. वायू वाढला की नाक बधिर होते, वास येईनासा होतो. ‘आता वास नाही’ म्हणून उतरलेला तिथेच कोसळतो आणि त्याला वाचवायला गेलेलाही.

यावर उपाय आराखड्यातच हवा. विहिरीचा तळ उतरता असावा, म्हणजे गाळ साचत नाही. जाळीवरचा कचरा यंत्राने निघावा. बिघडलेला पंप साखळीने वर ओढता यावा. जोडीला राखीव पंप हवाच.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पण गेलेला माणूस परत येत नाही. ठेकेदार ‘पाच मिनिटांचे काम’ म्हणाला, तरी स्पष्ट नकार द्या. कोणी आत कोसळले, तर मागोमाग उतरू नका; अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.