काढ्याचा चोथा आणि परसातील खत

औषधनिर्मितीत द्रव्यसंग्रहाचा विचार आपण जितक्या काटेकोरपणे करतो, तितका काढा गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्याचा करीत नाही. भरडीच्या सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवावे, या शार्ङ्गधरोक्त मानाने काढा सिद्ध होतो. चोथा मात्र कचऱ्यात जातो किंवा वाळवून विकला जातो. ही विक्री आम्हांस विशेष चिंतेची वाटते. सत्त्व काढून घेतलेली द्रव्ये पुन्हा अस्सल मालात मिसळणे हा भेसळीचा जुना प्रकार आहे. आज आपल्या दारातून गेलेली साल उद्या एखाद्या व्यवसायबंधूच्या कोठीत शिरू शकते. चोथा आपल्याच परसात कुजविला, तर ही वाट बंद होते आणि औषधी वाफ्यांना खतही मिळते.

यासाठी थरांची पद्धत सोयीची आहे. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी विकसित केलेली ही पद्धत १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दशमूळ, अर्जुनसाल यांसारख्या द्रव्यांच्या चोथ्यात काष्ठांश पुष्कळ आणि नत्र अल्प असते. म्हणून तो एकटा फार सावकाश कुजतो. चोथा निथळून थंड करावा. त्याच्या वीतभर थरावर हिरवा पाला किंवा भाजीची देठे, त्यावर शेणकाला व मूठभर माती, असे थर सुमारे एक मीटर उंचीपर्यंत रचावेत. मुठीत दाबल्यास हाताला ओल जाणवावी, पाण्याची धार लागू नये. ढीग योग्य जमल्यास आतील उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते; तिने तणांचे बी व बरेचसे रोगजंतू नष्ट होतात. दर पंधरवड्याला ढीग उलथावा. दुर्गंधी आल्यास हवा कमी पडते असे समजून कोरडा पालापाचोळा मिसळावा. काष्ठमय चोथ्यास तीन-चार महिने किंवा अधिकही काळ लागतो.

ढिगात काय घालू नये, हे अधिक महत्त्वाचे. तैल-घृतपाकातील कल्काने हवा कोंडते व उंदीर येतात. कुचला, बिब्बा, वत्सनाभ यांच्या शोधनातील अवशेष वेगळे ठेवावेत. पंचकर्मातील स्रावयुक्त कापूस व पट्ट्या यांना २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू होतात. रसशाळेतील धूळ, धुवण व भस्मांचे अवशेष तर कटाक्षाने दूर ठेवावेत. कुजण्याने पाला बदलतो, धातू नाहीसे होत नाहीत. ते मातीत साठून वनस्पतीत उतरू शकतात. वनौषधींसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष या मर्यादा आपणांस ठाऊक आहेतच. स्वतःच्या वाफ्यातील तुळस या कसोटीस उतरली नाही, तर दोष कोणास द्यावा?

तयार खत काळसर, भुसभुशीत व मातीच्या वासाचे असते. वापरण्यापूर्वी एका कुंडीत खतमिश्रित व दुसरीत साधी माती घेऊन मेथीचे दाणे पेरावेत. खताच्या कुंडीत उगवण कमी दिसल्यास खत आणखी मुरू द्यावे.

प्रत्येक घाण्याच्या नोंदीत चोथ्याचे वजन व तो ढिगात घातल्याचा दिनांक लिहावा, अशी आमची सर्व औषधनिर्मात्यांस विनंती आहे. औषध सिद्ध झाले तरी निर्मात्याची जबाबदारी संपत नाही; ती चोथ्याची माती होईपर्यंत राहते.