क्लिप एकच, मांडण्या अनेक

मोशन ग्राफिक्स शिकायला बसलेल्या नवख्याची पहिली अडचण जवळपास ठरलेली असते. ‘ॲडोबी आफ्टर इफेक्ट्स’मध्ये तो मोबाइलवरची क्लिप इम्पोर्ट करतो. प्रोजेक्ट पॅनलमध्ये तिचे नाव उमटते, पण टाइमलाइन रिकामीच राहते. व्हिडिओ घेतला, मग कामाला लागत का नाही?

कारण इथे फुटेज आणि कॉम्पोझिशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुटेज म्हणजे बाहेरून आणलेली सामग्री: व्हिडिओ, फोटो, आवाज, लोगो. कॉम्पोझिशन, म्हणजे बोलण्यातले ‘कॉम्प’, ही त्या सामग्रीच्या मांडणीची जागा. क्लिप कॉम्पमध्ये ओढली की तिचा लेयर, म्हणजे थर, तयार होतो आणि खरे काम सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून पंढरपूरला जाते. वाटेत काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण. समजा, बेलवाडीत धावणाऱ्या अश्वांची चाळीस सेकंदांची क्लिप एखाद्या तरुणाकडे आहे. यूट्यूबसाठी त्याला आडवा व्हिडिओ हवा आणि मोबाइल स्टेटससाठी उभा. त्यासाठी क्लिपच्या दोन प्रती करायची गरज नाही. एक कॉम्प १९२० बाय १०८० पिक्सेलचे, दुसरे १०८० बाय १९२०चे. फुटेज दोन्हीकडे तेच. प्रत्येक कॉम्पला स्वतःची लांबी-रुंदी, कालावधी आणि फ्रेम रेट असतो. एका कॉम्पमध्ये लेयर लहान केला, फिरवला, फिका केला, तरी दुसऱ्यातला लेयर जसाच्या तसा राहतो आणि मूळ क्लिपला धक्काही लागत नाही.

गावाचे नाव झळकवणारे शीर्षक वेगळ्या कॉम्पमध्ये बनवून तेच कॉम्प या दोन्हींत लेयर म्हणून ठेवता येते. अक्षरांचा रंग शीर्षकाच्या कॉम्पमध्ये एकदा बदलला, की दोन्ही व्हिडिओंत बदलतो. पुढच्या वर्षी नवी क्लिप आली, की ‘रिप्लेस फुटेज’ने जुनीच्या जागी ती बसते, केलेल्या हालचाली आणि इफेक्ट्स टिकून राहतात.

फुटेजबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की क्लिप प्रोजेक्टच्या फाइलमध्ये साठवली जाते. प्रत्यक्षात तिथे फक्त तिचा पत्ता असतो. सातबारा हे शेत नसते, शेताची नोंद असते, तसेच हे. प्रोजेक्ट पॅनलमधून नोंद पुसली, तर कॉम्पमधले तिचे लेयर जातात, हार्ड डिस्कवरची फाइल मात्र सुरक्षित राहते. उलट डिस्कवरची क्लिप दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, तर पत्ता चुकतो आणि चित्राच्या जागी रंगीत पट्टे दिसू लागतात. बारामतीत केलेले काम नुसत्या प्रोजेक्ट फाइलसह पेन ड्राइव्हवर इंदापूरला नेले, तर तिथल्या संगणकावर हेच घडते.

फुटेजचीही एक सेटिंग असते: ते वाचायचे कसे, उदाहरणार्थ सेकंदाला किती फ्रेम धरायच्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपली होती. ठरावीक अंतराने घेतलेल्या एकेक फ्रेममधून पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसले. आज कोणी उसाच्या कोंभाचे २५० फोटो क्रमाने घेतले, तर ते सगळे मिळून एकच फुटेज म्हणून इम्पोर्ट करता येतात. ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये सेकंदाला २५ फ्रेम सांगितल्या, तर वाढ १० सेकंदांत दिसते, १० सांगितल्या, तर २५ सेकंद लागतात. ही सेटिंग फुटेजची असल्याने ते जिथे जिथे वापरले आहे, तिथे सगळीकडे लागू होते. एकाच ठिकाणी वेग बदलायचा असेल, तर तो त्या कॉम्पमधल्या लेयरवर बदलावा.

म्हणून नवख्याने आधी प्रोजेक्टसाठी एक फोल्डर करावा, सगळ्या क्लिप त्यात ठेवाव्यात आणि मगच इम्पोर्ट कराव्यात. त्यानंतर व्हिडिओ कुठे दाखवायचा आहे, ते पाहून कॉम्पचे माप ठरवावे. काम दुसऱ्या संगणकावर न्यायचे झाल्यास ‘कलेक्ट फाइल्स’ हा पर्याय वापरावा. तो प्रोजेक्ट आणि त्यातले फुटेज एकाच फोल्डरमध्ये गोळा करतो. मग तो पूर्ण फोल्डरच पेन ड्राइव्हवर घ्यावा.