ओहोटीच्या वेळेवर चालणारं बेट

अंदमानला जाणारं मराठी कुटुंब सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय परतत नाही. आम्हीही पाहिलं. सावरकरांच्या कोठडीसमोर आई कितीतरी वेळ हात जोडून उभी होती. तो इतिहास आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मला लिहायचं आहे ते तिथून बोटीने दोनेक तासांवर असलेल्या एका लहान बेटाविषयी. तिथे आम्ही सहा जण एक रात्र राहायचं ठरवून गेलो आणि दोन रात्री राहिलो.

बेटाचं जुनं नाव नील. १८५७च्या उठावात अलाहाबाद-कानपूरकडे क्रूर सूड उगवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं हे नाव. २०१८ मध्ये ते पुसून ‘शहीद द्वीप’ असं नाव दिलं गेलं. नेताजींनी १९४३ मध्ये अंदमानला दिलेल्या ‘शहीद’ नावाची ही आठवण. गावांची नावं मात्र सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेल्या बंगाली कुटुंबांना इथे वसवलं, तेव्हा त्यांनी जंगल साफ करून शेती उभी केली. आज इथली भाजी आसपासच्या बेटांवर जाते. नारळ-पोफळीच्या बागांमधून रिक्षा जात होती तेव्हा गुहागरची माझी आई म्हणाली, “अरे, ही तर आपली वाडीच!”

लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर समुद्राने कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे. बंगाली मंडळी तिला कौतुकाने ‘हावडा ब्रिज’ म्हणतात. आम्ही दुपारी बारा वाजता तिथे पोहोचलो, तर वाट पाण्याखाली. मुलं हिरमुसली. आई म्हणाली, “आज द्वितीया ना? मग दुपारी भरती असणारच.” शेजारी पोफळीच्या काठीला टेकून बसलेले एक म्हातारे वाटाडे चमकून वळले. तेही तिथीवरूनच समुद्राची वेळ काढत. दोघांची मोडक्यातोडक्या हिंदीत लगेच गट्टी जमली. “उद्या पहाटे सहाला या,” ते म्हणाले. मुलांना म्हणाले, “मला दादू म्हणा.”

बंगालीत दादू म्हणजे आजोबा. लहानपणी ते आईवडिलांबरोबर जहाजाने इथे आले. पहाटे त्यांनी मुलांना पहिला धडा दिला तो हात पाठीमागे बांधून चालायचा. ओसरलेल्या पाण्याने खडकांत लहान-लहान डबकी सोडली होती. एकात तारामासा होता, दुसऱ्यात काळीभोर समुद्रकाकडी. ती उचलणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे दादूंनी बजावून सांगितलं. मग एका डबक्यापाशी ते थांबले. खडकात रुतलेला मोठा शिंपला निळ्या-जांभळ्या मखमली ओठांनी उघडा होता. “आता तुझी सावली त्याच्यावर पाड,” ते माझ्या मुलीला म्हणाले. सावली पडताच शिंपला मिटला. ती बाजूला सरकली, तसा हळूहळू पुन्हा उघडला. त्याच्या ओठांवर उजेड ओळखणारे बारीक डोळे असतात. मुलगी अर्धा तास तिथून हलली नाही. आमच्या सहलीची आठवण निघाली की ती सगळ्यात आधी त्या शिंपल्याविषयीच बोलते.

दादूंच्या मनात पोवळ्यांविषयी एक सल आहे. प्रवाळ दगडासारखं दिसत असलं तरी ती बारीक जिवांची वसाहत आहे. २०१०च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातली कितीतरी पोवळी पांढरी पडली. “तेव्हा पाणी तापलं, त्याला आम्ही काय करणार? पण बूट घालून त्यांच्यावर चढणं तरी थांबवता येईल ना?” ते सांगत होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. दिवस वर आला तशा पर्यटकांच्या टोळ्या येऊ लागल्या. कमानीखाली फोटो काढायला ते सरळ पोवळ्यांवरून चालत होते. खडकांच्या फटींत वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या अडकल्या होत्या. ओहोटीची वेळ आणि चालायची वाट सांगणारा फलक मला तरी कुठे दिसला नाही. तो लावायला फार खर्च येत नाही.

डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुसऱ्या संध्याकाळी आई आणि दादू किनाऱ्यावर बसून उद्याच्या भरतीचा हिशेब करत होते. अरबी समुद्राकाठी वाढलेली एक बाई आणि बंगालच्या उपसागरात आयुष्य काढलेला एक माणूस. दोघांचं उत्तर जवळपास सारखंच आलं.

शहीद द्वीपला जाणार असाल तर तीन गोष्टी करा. ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. किमान दोन रात्री राहा. आणि मुलांना हात पाठीमागे बांधून चालायला शिकवा, म्हणजे नंतर येणाऱ्या मुलांनाही तो शिंपला उघडलेला दिसेल.